पाचाला तीन

श्यामकांत नेरूरकर केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढत होते. त्यांतली बहुतेक वर्षं छतांची. दिल्लीतलं सरकारी छत सपाट असतं असं ज्याला वाटतं, त्याने ते कधी कागदावर काढलेलं नसतं. सपाट छतालाही ऐंशीला एक असा उतार द्यावा लागतो: ऐंशी इंच पुढे गेलात की एक इंच खाली. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला दिसतो. पाणी त्या उतारावरून कोपऱ्यातल्या खुर्ऱ्याकडे जातं, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी सिमेंटची जी उथळ बशी केलेली असते तिच्याकडे. नेरूरकरांच्या खुर्ऱ्यांचा खात्यात लौकिक होता. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "नेरूरकर जी के खुर्रे में आज तक पानी नहीं रुका." एकतीस वर्षांत त्यांच्याबद्दल बोललं गेलेलं हे सगळ्यात व्यक्तिगत वाक्य होतं. त्यांनी ते घरी येऊन बायकोला सांगितलं.

"उतार दिसत नाही त्याला छप्पर म्हणत नाहीत," कुसुमावती म्हणाल्या आणि शाल-श्रीफळातला नारळ फोडायला आत गेल्या.

त्यांना हे बोलायचा अधिकार होता. त्यांचे वडील, विठ्ठल मेस्त्री, कुडाळच्या आसपासच्या गावांत घरांवर छपरं चढवायचे. आखणीच्या, गेरू लावलेल्या सुतळीचं एक टोक मेस्त्रींच्या हातात आणि दुसरं सात-आठ वर्षांच्या कुसुमच्या. नेरूरकर त्याच तालुक्यातल्या नेरूरचे, पण ते डिप्लोमा करून आले होते. छपराची त्यांची ओळख पुस्तकातली. सासऱ्यांनी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, "दिल्लीक घरां कशी असतत?" जावयाने सांगितलं, सपाट. सासऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं गेली. तिथल्या सपाट छताबद्दल कुसुमावतींची तक्रार नव्हती. क्वार्टर सरकारचं, छत सरकारचं. ते कसं का असेना. निवृत्तीनंतर गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वरचा मजला, गच्चीच्या हक्कासकट. मुलगा सुधन्वा नोएडाला बासष्ट सेक्टरमध्ये नोकरीला होता, त्याला येणंजाणं सोयीचं. पहिली काही वर्षं नीट गेली. मग कुसुमावतींना विसरण्याचा आजार जडला.

आजाराला एक शिस्त होती. शेवटी आलेलं आधी गेलं. पहिल्यांदा हिंदी गेली. भाजीवाल्याने "माताजी, लौकी ले लो" म्हटलं की त्या त्याच्याकडे परदेशी माणसाकडे बघावं तसं बघायच्या. मग हातातला फोन गेला, मग सुनेचं नाव, मग सुधन्वाचं. मग घरात बोलायची पुण्या-मुंबईची मराठी गेली आणि खाली जी होती ती कुडाळची भाषा तेवढी राहिली. नेरूरकर हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारीखवार लिहीत होते. त्यांना दुसरं काय करायचं हे सुचत नव्हतं, आणि लिहिताना विशेष काही वाटतही नव्हतं. वाटत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

जूनमध्ये एके दिवशी जेवायला बसताना कुसुमावतींनी वर पाहिलं.

"ह्या घराक छप्पार कधी चढतला?"

"आहे की छत," नेरूरकर म्हणाले.

"ह्यो माळो," त्या स्लॅबकडे बोट दाखवून म्हणाल्या. "छप्पार खंय आसा?"

आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यात वेडेपणा काही नव्हता. त्यांच्या गावाकडे घरावर छप्पर चढेपर्यंत आत चूल पेटत नाही आणि आत कुणी जेवत नाही. बांधकाम चालू असेतो माणसं बाहेर मांडवात जेवतात. स्वतःचं घर घेतलं, भिंती आहेत, माळा आहे, छप्पर मात्र अजून यायचंय, तर शहाण्या बाईने जे करायचं ते कुसुमावती करत होत्या. त्या रोज दुपारी अठरा पायऱ्या चढून गच्चीवर जात, काम कुठवर आलंय ते बघत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसत आणि तिथे जेवत. खाली आणलं की ओठ मिटून घेत. चमचा दातांवर वाजायचा.

जुलैत त्यांचं वजन चव्वेचाळीस किलो होतं. गाझियाबादच्या उन्हात गच्चीवर माणूस जेवून जेवून किती जेवणार. सप्टेंबरच्या मध्याला एक्केचाळीस झालं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दिवाळीच्या सुमाराला हवा बिघडली की यांना उघड्यावर बसवायचं नाही. फुप्फुसं आधीच बरी नाहीत. दोन, वजन अडतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"नळी ओढून काढतात असे पेशंट," डॉक्टर म्हणाले. "मग हात बांधावे लागतात."

नेरूरकरांनी कॅलेंडरवर लिहिलं: ३८. खाली दोन रेघा मारल्या.

सुधन्वाने उपाय सांगितला. "बाबा, प्रॅक्टिकली बघा. मम्मीला छप्पर हवंय ना? गच्चीवर एक शेड टाकून द्या यार. चार पाइप, वर पत्रा. तिला काय कळणार आहे?"

नेरूरकरांना ते पटलं. खात्याच्या साइटवर अशा शेड्स त्यांनी शेकड्याने काढल्या होत्या. दहा फूट रुंदी, एकाच बाजूला उतार, दहा अंशांचा. म्हणजे दहा फुटांत एकवीस इंच चढ. पत्र्याला एवढं पुरतं. दिल्लीच्या पावसाला तर याहून कमीही पुरतं. नौशाद नावाचा वेल्डर होता, त्याने ममटीला टेकवून शेड उभी केली. जिना गच्चीवर जिथे उघडतो तिथे त्याचं डोकं झाकणाऱ्या खोलीला दिल्लीकडे ममटी म्हणतात. काम उत्तम झालं. शेडमध्ये पाणी थांबायचा प्रश्नच नव्हता.

कुसुमावती वर आल्या. त्यांनी शेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. एका खांबाला हात लावून तो हलतो का तेही बघितलं.

"पडवी बरी जाली," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता घर कधी बांधतास?"

आणि खुर्ची उचलून टाकीच्या सावलीत जाऊन बसल्या.

नेरूरकर पत्र्याखाली उभे राहिले. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली, आणि ती पहिलीच्या पोराने करावी अशी होती. कोकणात पडवीचं छप्पर निजलेलं असतं, घराचं उभं. लांबून कुणीही सांगतं, हे घर, ही त्याची पडवी. तिकडच्या पावसात घराला निजलेलं छप्पर कुणी घालत नाही. कौलांमधून पाणी उलटं आत येतं. ज्या माणसाने जन्मभर ऐंशीला एक काढलं, त्याला दहा अंश म्हणजे डोंगर वाटला होता. सुताराच्या मुलीला ती पडवी दिसली.

"तिला कळत नाही म्हणालास," त्यांनी सुधन्वाला फोनवर सांगितलं. "तिला अंश कळतात."

"मग वीस करा. नाहीतर पंचवीस. अंदाज घ्या ना."

अंदाज घेण्यात एक अडचण होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी वजन एकोणचाळीस किलो सहाशे ग्रॅम भरलं. आठवड्याला साधारण चारशे ग्रॅम उतरत होतं. एक किलो सहाशे भागिले चारशे, चार आठवडे. नौशादला छप्पर उभं करायला तीन आठवडे लागायचे. म्हणजे एक छप्पर. दुसरं जर पुन्हा पडवी ठरलं, तर तिसऱ्याला वेळ नव्हता.

त्यांनी जुना ड्रॉइंग बोर्ड पलंगाखालून काढला. उतार मोजणं ही तशी साधी गोष्ट. छप्पर किती वर चढतं त्याला ते आडवं किती जातं त्याने भागायचं. दोन्ही बाजूंना उतरणारं छप्पर असेल तर आडवं म्हणजे गाळ्याची अर्धी रुंदी, पूर्ण नव्हे. नवीन पोरं नेहमी पूर्ण रुंदीने भागतात आणि छप्पर अर्ध्यावर येतं. त्यांनी पंधरा, वीस, पंचवीस, तीस आणि पस्तीस अंशांची पाच घरं काढली, सुबक, खाली आकड्यांसकट, आणि कुसुमावतींसमोर मांडली.

"यातलं तुझ्या बाबांचं कुठलं?"

कुसुमावतींनी कागद उलटा केला, सुलटा केला, त्याची चार घड्यांची पुडी केली आणि तिच्यात बडीशेप ठेवली.

विठ्ठल मेस्त्रींनी कधी कागद वापरलाच नव्हता, हे नेरूरकरांना पुडी बघून आठवलं. ते खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर, छपराचं तोंड पूर्ण मापाने आखायचे आणि वासे त्यावरच ठेवून कापायचे. अंश त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्यांची सगळी छपरं एकाच उताराची असायची. कसं, हे जावयाने विचारलं नव्हतं. बायकोलाही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं ते उतारावरच पगार घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुतळी आणि पुडीभर गेरू घेऊन गच्चीवर गेले. गेरू कुंभाराकडून आणला, तो म्हणाला, "दिवाली के लिए?" नेरूरकर हो म्हणाले. सुतळी लाल केली. एक टोक पायाखाली धरून स्लॅबवर दहा फुटांची रेघ आखायला वाकले, आणि दुसरं टोक कुठे अडकवावं म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

कुसुमावती खुर्चीतून उठल्या. त्यांनी ते टोक घेतलं, उकिडव्या बसल्या आणि सुतळी ताणून धरली. मग नेरूरकर नुसते बघत राहिल्यावर वैतागून म्हणाल्या, "सोडा मां!"

नेरूरकरांनी सुतळी मधे उचलून सोडली. फट् झालं. स्लॅबवर लाल रेघ उमटली.

पुढचं सगळं कुसुमावतींनी केलं. रेघेचा मध्य त्यांनी सुतळी दुमडून काढला. मध्यावरून आडवं विती मोजत गेल्या: एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मध्यावर आल्या आणि सरळ वर मोजत गेल्या: एक, दोन, तीन. तिथे अंगठा दाबला. पाचव्या वितीवरून त्या अंगठ्यापर्यंत सुतळी ताणली.

"पाचाक तीन," त्या म्हणाल्या. "सोडा."

फट्.

त्या रेघेकडे नेरूरकर बराच वेळ बघत होते. पाचाला तीन, म्हणजे शून्य दशांश सहा. कोन एकतीस अंशांना किंचित कमी. पुस्तकात कौलांसाठी काय लिहिलेलं असतं ते त्यांना पाठ होतं, आणि हे त्यात चपखल बसत होतं. त्यांनी मान वर केली तेव्हा कुसुमावती खुर्चीत जाऊन बसल्या होत्या आणि लाल झालेल्या हाताकडे, तो कुणाचा आहे अशा नजरेने पाहत होत्या.

आता राहिला सोसायटीचा नियम. गच्चीवरचं काहीही ममटीपेक्षा उंच नको. ममटी नऊ फूट. नेरूरकरांनी आकडे वरून खाली मांडत आणले. आढं नऊ फुटांवर. गाळा दहा फूट, अर्धा पाच, म्हणून चढ तीन. खांबांवर छप्पर सहा फुटांवर बसणार. पण छप्पर खांबावर थांबत नाही, बाहेर येतं. वीस इंच बाहेर काढलं की आणखी बारा इंच खाली. वळचण पाच फुटांवर.

सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी कागद घेऊन वर आले. स्लॅबवरच्या लाल त्रिकोणाला वळसा घालून उभे राहिले. त्यांना ती पूजा वाटली असावी.

"नेरूरकर जी, किनारा पाँच फुट पर? आदमी घुसेगा कैसे?"

"झुक के."

"और इतनी ढाल? भाई साहब, ये गाज़ियाबाद है, शिमला नहीं. बर्फ़ गिरवाओगे क्या?"

"हाइट देख लीजिए. नौ फुट."

त्यागीजींनी उंची पाहिली. नऊ फूटच होती. नियमात उताराबद्दल एक अक्षर नव्हतं. "भाभीजी के लिए है ना?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं. नेरूरकरांनी मान हलवली. त्यागीजींनी सही केली आणि जाताना म्हणाले, "वैसे मेरी माताजी भी आख़िर में भैंस ढूँढती थीं. हम भैंस नहीं ला पाए."

नौशादला वेगळी अडचण होती. "बाबूजी, दस फुट की चौड़ाई है. पाँच-पाँच फुट की चादर ले आऊँ दोनों तरफ़ की?"

"सात फुट सवा नौ इंच."

"कमरा तो दस ही फुट का है!"

"कमरा आडवा आहे," नेरूरकर अनवधानाने मराठीत बोलले, मग हिंदीत आले. "चादर तिरछी चलेगी, नौशाद. तिरछा हमेशा लंबा होता है."

ऐंशी इंच आडवं, अठ्ठेचाळीस इंच खाली. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: त्र्याण्णव आणि थोडं. नौशादने टेप लावून स्लॅबवरची तिरकी रेघ मोजली, वळचणीपर्यंत वाढवून पुन्हा मोजली, आणि टेपकडे असं पाहिलं जणू ती आपलीच होती आणि फितूर झाली. मग म्हणाला, "आपने पहले वाले में ऐसा क्यों नहीं बनवाया?"

नेरूरकर चहा करायला खाली गेले.

लाल रंगाचे, कौलांसारखे दिसणारे पत्रे मिळाले. खरी कौलं मिळाली असती, पण ती यायला महिना लागला असता. दिवाळी झाली. हवा अपेक्षेप्रमाणे बिघडली. ममटीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली. कुसुमावतींना वर नेणं बंद करावं लागलं, आणि त्यामुळे जेवणही. दिवसाला अर्धी वाटी पेज, तीही झोपेत असताना ओठ उघडे सापडले तर. सोमवारी अडतीस किलो सातशे. पुढच्या सोमवारी अडतीस किलो दोनशे. हिशेबापेक्षा वेगाने. सुधन्वाने हवा साफ करायचं यंत्र आणून ठेवलं आणि बाबांना विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

"नौशाद गुरुवारी संपवतो म्हणाला," नेरूरकरांनी सांगितलं. प्रश्न कामाबद्दल आहे असं त्यांना खरंच वाटलं होतं.

नौशादने शुक्रवारी संपवलं. तीन बाजू बंद केल्या, वळचणीच्या बाजूला दाराएवढी जागा ठेवली. आढ्याचा पाइप चढला तेव्हा नेरूरकरांनी त्याला नारळ बांधायला लावला. गावाकडे तसं करतात एवढं त्यांना माहीत होतं. नौशादने विचारलं नाही; त्याने याआधी पाइपांना लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि एकदा बूट बांधलेला होता.

शनिवारी दुपारी नेरूरकरांनी कुसुमावतींना मास्क लावून वर नेलं. अठरा पायऱ्यांना बारा मिनिटं लागली. दुसऱ्या हातात ताट होतं: भात, कुळथाची पिठी, लोणच्याची फोड.

ममटीच्या दारात कुसुमावती थांबल्या. धुरकट उजेडात समोर छप्पर उभं होतं. आजूबाजूला लांबपर्यंत टाक्या, डिश अँटेना आणि सपाट गच्च्या. त्यांनी मास्क ओढून खाली केला. आढ्याकडे पाहिलं. एका पाख्यावरून नजर खाली आणली, दुसऱ्यावरून खाली आणली. नेरूरकर ताट धरून उभे होते. पिठीवर साय धरायला लागली होती.

"कौलां हलकी घातलास," अखेर त्या म्हणाल्या.

मग चालायला लागल्या. वळचणीपाशी आल्या आणि न थांबता, न बघता, मान खाली घालून, एक हात कपाळापुढे धरून आत गेल्या. पाच फूट दोन इंचांची बाई पाच फुटांखालून अशी गेली, जणू रोज जात होती.

मागोमाग नेरूरकर निघाले. ती वळचण त्यांनी स्वतः काढलेली, पाच फूट शून्य इंच, सही-तारखेनिशी. त्यांचं कपाळ तिच्यावर खाडकन आपटलं. ताट वाचलं.

"वाकान येवा," आतून आवाज आला. "डोक्याक लागात."

ते वाकून आत गेले. कुसुमावती भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या आवाजात आस्था होती, ओळख नव्हती. दारातून येणाऱ्या पाहुण्याला सांगतात तसं त्यांनी सांगितलं होतं.

नेरूरकरांनी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, मग पाहुण्याकडे पाहिलं.

"तुमी खंयचे?"

"नेरूरचा," ते म्हणाले.

"मगे जेवल्याशिवाय जाव नकात." आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"तुम्ही आधी," नेरूरकर म्हणाले.

"पावणो आधी."

तेव्हा त्यांनी एक घास घेतला. पिठी गार झाली होती. कुसुमावतींनी त्यांच्याकडे बघत दुसऱ्या बाजूने भात कालवला आणि खाल्ला. मग आणखी एक घास. पाहुणा थांबला की त्याही थांबायच्या, म्हणून तो थांबला नाही. शेवटी लोणच्याची फोड राहिली. ती त्यांनी पाहुण्याला दिली.

रविवारपासून नेरूरकर दोन ताटं वर नेतात. सोमवारी काटा अडतीस किलो तीनशे दाखवत होता. त्यांनी तो आकडा लिहिला. दारात रोज विचारलं जातं, तुमी खंयचे, आणि नेरूरचा हे उत्तर रोज चालतं. वाकायला मात्र ते अजून विसरतात.